रिमवाले काका

रविवारचा कुठलाही सायकल गट घ्या. त्यात दर खेपेला पंक्चर होणारा एक जण असतो, फक्त पोह्यांसाठी येणारा एक असतो आणि घाटाच्या पायथ्याशी ज्याला हमखास घरून फोन येतो असाही एक असतो. याशिवाय एक रिमवाले काका असतात. गट पुण्याचा असेल तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशीही पटत नाही.

आमच्या वाट्याला आलेले काका एकसष्टीचे. अख्खी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते आधी अंगठ्याने चाचपतात, मग डोळा बारीक करून बघतात आणि मग म्हणतात, "ठीक आहे, पण..." जर्सीच्या मागच्या खिशात आमची केळी नि खजूर असतात. त्यांच्या खिशात व्हर्निअर असतो. पहाटे साडेपाचला वारज्याच्या पुलाखाली सगळे जमलो की नमस्कार-चमत्कार होण्याआधी काकांची नजर नव्या सायकलींच्या चाकांवरून फिरते. चाकाच्या मध्यभागी पोलादी चकती चमकली की काका मान हलवतात. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणतात. समोरच्याला उगाच घर विकल्यासारखं वाटतं.

ज्यांना हे भांडण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकल थांबवायच्या दोन रीती. एकीत ब्रेकचे दोन गुटके चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी चिमटतात. हा रिम ब्रेक. आपण सगळे यावरच वाढलो. दुसरीत हबपाशी एक चकती बसवलेली असते आणि तिला पॅड पकडतात. हा डिस्क ब्रेक. डोंगरदऱ्यांतल्या जाड टायरच्या सायकलींना डिस्क कधीच आली, कोणी चकार शब्द काढला नाही. पण बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या, हलक्याफुलक्या रोड बाइकला ती आली आणि घराघरांत फूट पडली. सज्जन माणूस म्हणेल, सायकल थांबली म्हणजे झालं. अशा सज्जनाला काकांच्या शेजारी बसवू नये.

"आधी मुद्दा समजून घ्या," हे काकांचं पेटंट वाक्य. ते म्हटल्यावर मुद्दा मांडायची संधी दुसऱ्या कोणाला मिळत नाही. चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ते आधी एक मोठं वर्तुळ काढतात. "ही माझी रिम. व्यास सहाशे मिलिमीटरच्या वर." मग शेजारी एक बारकंसं वर्तुळ. "ही तुमची डिस्क. एकशे चाळीस. फार तर एकशे साठ. आता सांगा, मोठी डिस्क कोणाची? रिम ब्रेक हाच खरा डिस्क ब्रेक आहे. तुम्ही पैसे देऊन लहान घेतलीत!" यावर सगळे काही क्षण गप्प होतात, कारण मुद्द्यात खोट काढता येत नाही. तेवढ्यात माशा येतात आणि दोन्ही वर्तुळांना समान न्याय देतात.

काकांच्या विरुद्ध पक्षात आमचा डिस्कवाला. वय तिशीच्या आत, नोकरी हिंजवडीत, सायकलची किंमत घरच्यांना अर्धीच सांगितलेली. त्याचाही एक लाडका शब्द आहे, 'मॉड्युलेशन'. म्हणजे ब्रेक किती लागावा हे बोटाने हवं तसं कमीजास्त करता येणं. "काका, एका बोटाने! एका बोटाने!" असं म्हणून तो तर्जनी वर करतो, आणि काका म्हणतात, "मला देवाने दहा दिलीत. बाकीची काय करू?"

डिस्कवाल्याचा दुसरा मुद्दा टायरचा. रिम ब्रेकच्या चिमट्यात साधारण अठ्ठावीस मिलिमीटरपर्यंतचा टायर मावतो. डिस्कच्या फ्रेमला असा चिमटाच नसल्यामुळे बत्तीसचा सहज बसतो, काहींत त्याहून जाड. पुण्याचे रस्ते बघता हा मुद्दा इतका बिनतोड आहे की काका त्याला कधी उत्तर देत नाहीत. ते विषय महानगरपालिकेकडे वळवतात आणि मग सगळ्यांचं एकमत होतं. तिसरा मुद्दा खड्ड्याचा. खड्ड्यात आपटून चाक आऊट झालं, की रिम डुलत डुलत गुटक्यांना घासायला लागते. डिस्कला त्याचं सोयरसुतक नसतं. यावर काका म्हणतात, "चाक आऊट झालेलं माणसाला कळलं पाहिजे. तुमची डिस्क ते लपवते." दोष लपवणारी वस्तू टूलरूमच्या माणसाला कशी चालावी?

त्यांची खरी मैफल रंगते ती इतिहासावर. काका हा इतिहास कीर्तनकारासारखा लावतात. पूर्वरंग २०१५चा. जागतिक सायकल संघटनेने व्यावसायिक शर्यतींत डिस्कला चाचणीपुरती परवानगी दिली. मग एप्रिल २०१६, पॅरिस-रुबे शर्यत, फ्रान्सचे ते ओबडधोबड दगडी रस्ते. इथे काका आवाज खाली आणतात. मोव्हिस्टार संघाचा फ्रान व्हेंतोसो गर्दीत सापडला, पाय हाडापर्यंत कापला गेला, आणि हे काम डिस्कचंच, असं त्याने जाहीर पत्र लिहून सांगितलं. चाचणी थांबली. काका चहाचा घोट घेतात. त्यांच्या लेखी इतिहास इथे संपतो.

"पुढचं सांगा की," डिस्कवाला म्हणतो.

"पुढे काय, बाजार!"

पुढचं मग डिस्कवाला सांगतो. जखम डिस्कनेच झाली का, यावर लोकांनी शंका घेतली. चकत्यांच्या कडा गोल करायला लावल्या आणि जानेवारी २०१७मध्ये चाचणी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी टूर द फ्रान्सच्या दुसऱ्या टप्प्यात, लिएजला, मार्सेल किटेल डिस्कवर जिंकला. १ जुलै २०१८पासून परवानगी कायमची झाली.

"आणि २०१९ची टूर कोण जिंकला?" काका दबा धरूनच बसलेले असतात. "एगन बर्नाल. बावीस वर्षांचं पोर. कशावर? रिमवर. वय बघा आणि अक्कल बघा!" मग ते हुकमाचा एक्का काढतात, ख्रिस फ्रूम. फ्रूमने २०२१मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं होतं, की डिस्क घासते, लांब उतारावर तापते, पिस्टन सारखे मागे सरत नाहीत. "चार वेळा टूर जिंकलेला माणूस आहे. साक्षीदार साधा नाही."

"पण चारही वेळा तो जिंकला ते रिमवर, काका."

"तेच म्हणतोय मी!"

अशा वेळी डिस्कवाला हातातला पोहे खायचा चमचा खाली ठेवतो आणि नुसता आमच्याकडे बघतो. ब्रेकवरच्या वादाला ब्रेक लावणं आजवर आमच्यापैकी कोणाला जमलेलं नाही.

वजनाचाही एक अध्याय असतो. शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोहून कमी नसावं असा नियम आहे. काकांची सायकल त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण नियम त्यांना तोंडपाठ आहे. "डिस्कने सायकल पाव-अर्धा किलोने जड होते. घाट चढताना तो अर्धा किलो कोण ओढणार?" हे म्हणताना त्यांच्या पुढ्यात मिसळीची दुसरी तर्री आणि जादा पाव आलेला असतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे ते नेहमी सांगतात. "चढणाऱ्याला. उतरणाऱ्याला कोणी राजा म्हटलेलं ऐकलंय?"

एकदा त्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी गेलो तर बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून विधी चालू होता. सायकल उलटी. गुटके काढून ओळीने मांडलेले. काका सेफ्टी पिनने एकेका गुटक्यात रुतलेला ॲल्युमिनियमचा कण उकरून काढत होते आणि काढलेला कण नखावर घेऊन उजेडात धरत होते. ते कण राहिले, तर तेच रिमला खरवडतात. मग पॉलिश पेपरचे चार हात, मग रिमला स्पिरिटचा बोळा. मग गुटके परत बसवताना प्रत्येकाच्या मागच्या टोकाखाली पीएमपी बसच्या तिकिटाची घडी. बोल्ट आवळला की तिकीट काढून घ्यायचं. म्हणजे गुटक्याचं पुढचं टोक रिमला केसभर आधी टेकतं आणि ब्रेक किंचाळत नाही. "कार्ड नको. कार्ड जाड पडतं. तिकिटाच्या दोन घड्या बरोब्बर." शेवटी रिमच्या बाजूवर स्टीलची पट्टी आडवी टेकवून तिच्याखालून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला म्हणजे रिम मध्ये झिजून खोलगट झाली, तिचे दिवस भरत आले. "बघ, बघ, दिसतो का?" त्यांनी मलाही वाकायला लावलं. मला त्यांच्या कुंडीतलं जास्वंद दिसलं.

आतून काकू म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या नादी लागू नका हो. डिस्क आमच्या घरात एकच आहे, ह्यांच्या कमरेतली. ती सरकली तेव्हा मात्र लगेच डॉक्टर गाठला होता."

पावसाळा हा रिमवाल्याचा परीक्षेचा काळ. मागच्या आषाढात पाचगणीहून पसरणीचा घाट उतरत वाईला यायचं होतं. पाऊस असा, की वळणापलीकडचं वळण दिसेना. ओल्या रिमवर गुटके पहिल्यांदा दाबले की ब्रेक लागतच नाही. पहिला दाब नुसता पाणी पुसण्यात जातो. काकांना हे अर्थातच माहीत. ते प्रत्येक वळणाच्या बऱ्याच आधीपासून लिव्हर हलकेच टपटप दाबत येतात. त्यामुळे त्यांचं घाट उतरणं म्हणजे सततची पूर्वतयारी. आम्ही खाली पोचून, कपडे पिळून, भजी मागवून, ती संपवून बसलो तेव्हा काका आले. हात कोपरापर्यंत काळे, फोर्कवर ॲल्युमिनियमचा राखाडी चिखल, चेहरा मात्र पावन झालेला.

"काका, उशीर?"

"उशीर नाही. मी घाट उतरलो. तुम्ही नुसते खाली आलात."

त्याच उतारावर आम्हा सगळ्यांना एका दूधवाल्याने मागे टाकलं होतं. काळी, दणकट, जुनी सायकल, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन आणि ब्रेकच्या जागी नुसते दांडे. त्या जुन्या रॉड ब्रेकमध्ये गुटके रिमला आतल्या अंगाने दाबतात. त्याच्याकडे गुटकेच नव्हते. वळण आलं की तो उजवा पाय उचलून चप्पल मागच्या टायरवर टेकवायचा. वाईत त्याला काकांनी गाठलंच. चप्पल उलटी करून बघितली, झीज बघितली आणि विचारलं, "किती दिवस टिकते?" तो म्हणाला, "टायरची घेतली तर वर्षभर." टायरवर टायर! काका दिवसभर त्याच विचारात होते. डिस्कवाल्याला म्हणाले, "बघ, ह्याला ब्लीडिंग करावं लागत नाही."

ब्लीडिंग हे त्यांचं खास लक्ष्य. डिस्कच्या नळीत तेल असतं, तेलात हवेचे बुडबुडे शिरले की लिव्हर मऊ पडते, मग ते बुडबुडे काढून तेल बदलावं लागतं. "आमच्या वेळी ब्लीडिंग सायकलवरून पडलेल्या माणसाला व्हायचं. आता सायकललाच होतं!" शिवाय त्या तेलातही दोन पंथ, एका कंपनीचं मिनरल ऑइल, दुसरीचं डॉट. चुकून याचं त्याला घातलं, की आतली सीलं गेली. "आणि माझी केबल? कुठल्याही गावात, सायकलच्या कुठल्याही दुकानात, हातात ठेवतील." काकांच्या सगळ्या बोलण्यात मला हा मुद्दा सगळ्यात मनापासूनचा वाटतो. आपली वस्तू आपल्याला उघडता यावी आणि परत जोडता यावी, एवढंच त्यांचं मागणं आहे. त्यांना चकतीपेक्षा ती बंद नळी खुपते.

असं मी धरून चाललो होतो. मग चिपळूणची पहाट आली.

कोकणात राइड होती. रात्री टेम्पोत सायकली भरल्या, पुढची चाकं काढून. पहाटे पाचला उतरवल्या तर डिस्कवाल्याचं चाक जागेवर जाईना. रात्री कोणाची तरी बॅग त्याच्या ब्रेकच्या लिव्हरवर रेलली होती. चकती मध्ये नसताना लिव्हर दाबली गेली, की दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटतात. डिस्कवाल्याने फोनवर व्हिडिओ लावला. चाक फिरण्याऐवजी व्हिडिओच फिरत राहिला, नेटवर्क नव्हतं. शेवटी तो पेचकस घेऊन पुढे झाला.

"ठेव तो खाली!" काका ओरडले. "पिस्टनला तडा गेला म्हणजे? सिरॅमिकचा असतो तो!"

आम्ही सगळे बघतच राहिलो. काकांनी खिशातून टायर काढायची प्लास्टिकची पट्टी घेतली, तिला फडकं गुंडाळलं, दोन पॅडच्या फटीत सरकवली आणि घाई न करता, जरा इकडे जरा तिकडे करत, पॅड मागे ढकलले. चाक बसलं. डिस्कवाल्याने आनंदाने चकतीला हात लावला तर हातावर फटका बसला. "तेलकट बोटं लावू नकोस! पॅड खराब होतील." मग पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले केले, लिव्हर दाबून धरायला लावली, बोल्ट आवळले, चाक फिरवून कान लावला. एक 'चिंग' आली. पुन्हा ढिले केले, पुन्हा आवळले. आवाज बंद.

"काका, हे तुम्हाला कसं काय येतं?"

"शत्रूची माहिती ठेवावी लागते," काका फडकं घडी करत म्हणाले. पण कान लाल झाले होते.

त्याचा उलगडा दिवाळीत झाला. फराळाला गेलो तर दिवाणखान्यात चादर पांघरलेली एक सायकल. चादरीखालून चकती डोकावत होती. एकशे साठची. पुढेही, मागेही.

"ही कोणाची, काका?"

"आहे कोणाची तरी. चकली घ्या."

"कोणाची तरी काय?" काकू करंज्या घेऊन बाहेर आल्या. "लेकीची आहे. ती बंगळूरला ऑफिसला सायकलने जाणार म्हणाली, तर ह्यांनी महिनाभर खपून निवडली. दुकानदाराने रिमवाली दाखवली तर त्याच्यावर उखडले. 'पावसात ट्रकमागे अचानक थांबावं लागलं तर?' म्हणाले. तो बिचारा गप्पच झाला."

काकांनी चादर नीट केली. "तिचा प्रश्न वेगळा आहे," ते म्हणाले. "आधी मुद्दा समजून घ्या." मुद्दा मात्र पहिल्यांदाच मांडला नाही. मला तो न मांडताच समजला होता. स्वतःचा जीव टांगायचा असतो तोवर माणूस तत्त्वाला धरून असतो. लेकीचा जीव आला, की तो एकशे साठची चकती घेतो, दोन्ही चाकांना.

आणि हे एकतर्फी नाही. डिस्कवाल्याने या उन्हाळ्यात गुपचूप एक जुनी स्टीलची सायकल मिळवली. बारीक नळ्या, चंदेरी रिम, नाजूक ब्रेक. का घेतली विचारलं तर म्हणे, "दिसते छान." तिचे गुटके दगड झाले होते. नवे घ्यायला गेला तर दुकानदार म्हणाला, "मागवावे लागतील." आता रिमचा माल असाच हळूहळू आटणार. सायकलचे सुटे भाग करणाऱ्या शिमानो कंपनीचा मधल्या फळीतला लोकप्रिय '१०५' हा गिअर-ब्रेकचा संच बारा गिअरांचा झाला तो फक्त डिस्कसाठीच. मग हा पठ्ठ्या कुठे जाणार? गेला काकांच्या दारात.

तिथे त्याने काकांचं कपाट पाहिलं. खालचा कप्पा गुटक्यांचा. वीस सेट, पुढचे-मागचे मिळून, प्रत्येक पिशवीवर बारीक अक्षरात तारीख. वरच्या कप्प्यात केबलची वेटोळी, न वापरलेल्या रिम, पीएमपीच्या तिकिटांची गड्डी. काकांनी हिशेबही सांगितला. "एक सेट दीड वर्ष. वीस सेट म्हणजे तीस वर्षं. आज मी एकसष्टचा. एक्याण्णवपर्यंत मला कोणाच्या बापाची डिस्क लागत नाही. त्यानंतर बघू, तोवर तुमचं तंत्रही जरा सुधारेल."

डिस्कवाला काही न बोलता उभा राहिला. काकांनी कप्प्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कप्प्याकडे बघितलं. मग दोन पिशव्या काढून त्याच्या हातावर आपटल्या, वर तिकिटांची घडी ठेवली.

"घे. तुझ्यापायी माझी तीन वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीला थांबावं लागणार आता."

काकू आतून म्हणाल्या, "आणखी चार द्या हो त्याला. म्हणजे ब्याऐंशीपासून तरी रविवारचे घरी सापडाल."